दार आतून उघडतं का?

‘माझ्या स्वप्नातलं गाव’ हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत कधी ना कधी लिहिलाय. स्वच्छ रस्ते, हिरवीगार झाडं, भांडणतंटा नाही, सगळे सुखी. मार्क बऱ्यापैकी पडतात. पण महिन्याभराने तोच निबंध परत वाचायला घेतला, तर दुसऱ्या परिच्छेदालाच जांभई येते. कारण त्या गावात राहणाऱ्या एकाही माणसाला आपण काही विचारलेलं नसतं.

अशा कल्पनेतल्या आदर्श समाजाला ‘युटोपिया’ म्हणतात. हा शब्द थॉमस मोरने १५१६ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या पुस्तकातून आला. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’. याच्या उलट, जिथे जगणं हीच शिक्षा आहे असा समाज म्हणजे ‘डिस्टोपिया’. ऑर्वेलची ‘१९८४’ ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. व्याख्या इतकी सोपी आहे. पण एखादी गोष्ट वाचताना हा समाज यातला नेमका कुठला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक साधा प्रश्न उपयोगी पडतो : इथलं दार आतून उघडतं का? म्हणजे, इथल्या माणसाला ‘नको’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं?

हा प्रश्न घेऊन आधी मोरच्याच बेटावर जाऊ. तिथे दिवसाला फक्त सहा तास काम. सोन्याचं कुणाला अप्रूप नाही, त्याची शौचाची भांडी करतात. घरांच्या दारांना कुलूप नाही, कुणीही ढकलावं आणि आत यावं. वाचताना वाटतं, वा! पण पुढे कळतं की आपलं शहर सोडून दुसरीकडे जायचं तर परवानगीचं पत्र लागतं. पत्राशिवाय सापडलात तर शिक्षा, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर गुलामी. घराला कुलूप नाही, पण देशाला आहे! मोर गंमत करत होता की गंभीर होता, यावर विद्वान आजही वाद घालतात. आपल्यापुरतं एवढं कळलं तरी पुरे, की आदर्श राज्याच्या वर्णनातही एखादं कुलूप लपलेलं असू शकतं.

हक्स्लेने १९३२ मध्ये ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लिहिली. तिथली तऱ्हा आणखी वेगळी. लोक मजेत आहेत. मन जरा खट्टू झालं की ‘सोमा’ नावाची गोळी मिळते. दाराकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण बाहेर जावंसं वाटणंच काढून टाकलेलं आहे.

आता आपल्या धारवाडला येऊ. जी. ए. कुलकर्णी इथल्या कॉलेजात अनेक वर्षं इंग्रजी शिकवत होते. गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी त्यांनीच मराठीत आणली. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं स्वतःचं राज्य उभं करू बघतात आणि त्याचं काय होऊन बसतं, याची ती कहाणी. पण जी. एं.ची स्वतःची ‘स्वामी’ ही कथा मला त्याहून जास्त अस्वस्थ करते. ती ‘पिंगळावेळ’ या १९७७ च्या संग्रहात आहे. एका साध्या प्रवाशाला एका मठात नेलं जातं. त्याचं आदरातिथ्य होतं. आणि मग कळतं की आता तोच इथला स्वामी, जमिनीखालच्या खोलीत त्याने कायमचं राहायचं. खाणंपिणं, मानसन्मान, काही म्हणजे काही कमी नाही. कुणी त्याला मारत नाही, शिवी देत नाही. उलट त्याच्यापुढे हात जोडतात. फक्त बाहेर जाता येत नाही. शेवटी त्याचा सगळा जीव एका वेलीत गुंततो, कारण ती वेल तरी उजेडाकडे चढत असते.

या कथेशेजारी अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची १९७३ ची ‘ओमेलास’ ही कथा ठेवून बघा. ओमेलास हे आनंदी शहर. पण त्याचं सगळं सुख एका अटीवर उभं आहे : एक मूल तळघरात, घाणीत, कायमचं कोंडलेलं असलं पाहिजे. शहरातल्यांना हे माहीत असतं. ज्यांना सहन होत नाही, ते शहर सोडून जातात आणि त्यांना कुणी अडवतही नाही. मग दार आतून उघडतं म्हणायचं का? बाकी सगळ्यांसाठी उघडतं, त्या मुलासाठी नाही. म्हणून आपला प्रश्न जरा दुरुस्त करायला हवा. तो चौकात हिंडणाऱ्याला विचारून भागत नाही, तळघरात असलेल्याला विचारायचा. ओमेलासच्या तळघरात घृणा आहे, जी. एं.च्या तळघरात पूजा आहे. कडी मात्र दोन्हीकडे बाहेरूनच.

हे सगळं कल्पनेतलं झालं, असं वाटत असेल तर ‘यमुनापर्यटन’ आठवा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लेखक बाबा पदमनजी, जन्म १८३१, आपल्या शेजारच्या बेळगावचा. १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये ही कादंबरी आली. युटोपियाच्या कथेत प्रवासी दूरच्या बेटावर जातो आणि तिथल्या नवलाच्या रीती सांगतो. पदमनजींनी प्रवासच ठेवला, पण प्रवासी आपल्याच मुलखात फिरवले. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव गावोगावी जातात आणि विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे विनायकराव वारतो आणि यमुनाच त्या कहाण्यांपैकी एक होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झालेला होता, म्हणजे सरकारने कुलूप काढलं होतं. घरच्यांनी कडी मात्र लावूनच ठेवली होती. ज्याला कर्ता पुरुष ‘आपली चांगली जुनी चाल’ म्हणत होता, तीच केशवपन झालेल्या पोरीसाठी डिस्टोपिया होती. एकाच वाड्यात, एकाच वेळी! शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. तिला नव्याने जगायला मिळतं, पण जुनं घर सोडून.

घर न सोडता हे जमेल का? याचं उत्तर जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’मध्ये आहे. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलंय : बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून धर्म निवडायचा आणि तरीही सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र राहायचं. ना बेट, ना यंत्रं, ना सोन्याची भांडी. एक छप्पर आणि चार माणसं. मला विचाराल तर मराठीतला सगळ्यात धाडसी युटोपिया हाच. इथे ‘नको’ म्हणणाऱ्याला घराबाहेर जावं लागत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही नवं यरुशलेम येतं, त्या नगरीच्या बारा वेशी कधी बंद होत नाहीत. सुखाच्या जागेची खूण म्हणून उघडं दार सांगावंसं वाटणं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमची पाळी. समजा तुम्ही २०७५ सालचं हुबळी-धारवाड लिहिताय. नळाला रोज पाणी येतं. चिगरी बस मिनिटाला मिनिट वेळेवर. घरात आई मराठी, बाबा कन्नड बोलतात, आणि पोरं दोन्हीतून भांडतात. दहावीनंतर कुणी काय शिकायचं, हे एक यंत्र सांगतं आणि ते कधीच चुकत नाही. इथवर झालं वर्णन. आता त्यात एक मुलगी आणा. यंत्र म्हणतं, डॉक्टर हो. ती म्हणते, मला गाणं शिकायचंय. गंगूबाई हनगलांच्या गावची आहे मी. आणि ती ‘नको’ म्हणते.

पुढे काय होतं, ते तुम्ही ठरवायचं. दुसऱ्या दिवशीही तिच्या नळाला पाणी आलं, शेजारणीने हाक मारली, आईने ताट वाढलं, तर तुम्ही युटोपिया लिहिलात. पाणी बंद झालं तर डिस्टोपिया. आणि पाणी आलं, पण हाक मारायचं सगळ्यांनी सोडलं, तर? ती गोष्ट लिहायला सगळ्यात अवघड, कारण ती २०७५ सालची राहत नाही. ती लिहायला घ्या, आणि लिहून झाली की मंडळाकडे जरूर पाठवा.