गोळीचे वजन

बंदुकीच्या गोळीचे वजन ज्या मापाने करतात ते माप आपल्या बाजारपेठेतील जुन्या सोनाराला परके नाही. जगभर हे वजन ग्रेनमध्ये सांगतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा ठरविला तो बरोबर १८० ग्रेनचा, आणि तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. (आज सराफाकडे तोळा म्हणून दहा ग्रॅम देतात, मी म्हणतो तो जुना, ११.६६ ग्रॅमचा.) हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेत फार खपणारी १८० ग्रेनची गोळी म्हणजे नेमका एक तोळा, आणि तिची धाकटी बहीण १५० ग्रेनची म्हणजे ऐंशी गुंजा. या सोळा गुंजांच्या फरकावरून तिकडचे शिकारी वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात. हा वाद कशाचा आहे, ते आज पाहावयाचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, कोणतेही नाव घ्या, त्याच्यावर बार काढणे गुन्हा आहे. घरी काडतूस तयार करणे हादेखील १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याचा विषय आहे. मग हे कशाला सांगता, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, बंदुका आपल्या गावांतून गेलेल्या नाहीत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक दोडामार्गापासून वैभववाडीपर्यंत घराघरांत आढळते. पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्याची परवानगी याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकाऱ्याला देता येते. आणि जंगलात जखमी होऊन निसटलेले जनावर चार दिवस कुजत मरते, त्याला कायद्याचे कलम वाचता येत नाही.

ठासणीच्या बंदुकीपासून निघू. तिच्यात वजनाचा हिशेब असा नसतोच. मूठभर दारू, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग शिशाचे तुकडे, नाहीतर सायकलीतील पोलादी छर्रे. दुनळी बंदुकीत निदान नावात तरी हिशेब आहे. ‘बारा बोअर’ म्हणजे ज्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती नळी. एकेक गोळी सव्वातीन तोळ्यांची. पण तीच शक्ती बारीक छऱ्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. हलका छर्रा हवेत लवकर दमतो. कापूस फेकून पाहा आणि चिंच-बोराची बी फेकून पाहा. रानडुकराच्या खांद्यावरची कातडी जाड. तिच्यात तो दमलेला छर्रा रुततो, आत जात नाही. डुक्कर मरत नाही, चवताळते. आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत कामाला गेलेल्या बाईला ते गाठते.

रायफलीची तऱ्हा निराळी. तिच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तळाशी ठिणगीची टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. परदेशांतील पुष्कळ शिकारी ती जपून ठेवतात, नवी टोपी बसवितात, दारू तागडीत मोजून घालतात आणि आपल्या पसंतीची गोळी वर दाबतात. पसंतीला खरा वाव गोळीतच. दारूच्या बाबतीत कारखान्याने छापलेल्या कोष्टकाबाहेर जाणारा माणूस आपल्या डोळ्यांशी आणि बोटांशी खेळत असतो.

आता थर्टी-नॉट-सिक्स ही रायफल घ्या. तिच्यातून ८० गुंजांची गोळी सेकंदाला सुमारे २९०० फूट वेगाने निघते. एक तोळ्याची सुमारे २७०० फुटांनी. नळीला जेवढा दाब सोसतो तेवढाच द्यावयाचा, म्हणून वजन वाढले की वेग उतरतो. दोघींची ऊर्जा काढली तर ती ३८०० आणि ३९५० ज्यूल येते, म्हणजे जवळजवळ सारखीच. हलकी गोळी सपाट जाते, खांद्याला धक्का कमी देते. जड गोळी लांबवर वेग टिकविते, वाऱ्याने कमी ढळते आणि मुख्य म्हणजे खोल जाते. जाडी तीच ठेवून वजन वाढविले म्हणजे गोळी लांब होते, आणि दाभण पोत्यात जितके सहज शिरते तितके बोथट खुंटीचे टोक शिरत नाही. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने सात मिलिमीटरच्या रायफलीने, १७३ ग्रेनच्या, म्हणजे तोळ्याहून हलक्या पण लांब व पूर्ण कवचाच्या गोळीने शेकडो हत्ती मारले. त्या कत्तलीचे कौतुक मला नाही. परंतु त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू कोठे असतो हे आधी शिकून घेतले होते. वजनाच्या वादात हे बहुधा विसरले जाते: नेम चुकल्यावर दोन तोळ्यांची गोळीही व्यर्थच.

गोळीची घडण हा दुसरा भाग. शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. कवच टोकापर्यंत बंद असेल तर गोळी आरपार जाऊन बारीक भोक पाडते. टोक उघडे असेल तर ती आत फुलते व जखम रुंद करते. ही फुलणारी गोळी आपल्या देशाच्या नावाने कुप्रसिद्ध झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात ती सरहद्दीवरील लढायांसाठी तयार झाली, आणि १८९९ साली हेग येथील परिषदेने ती युद्धात वापरण्यास बंदी घातली. शिकारीत मात्र उलट न्याय आहे: तेथे फुलणारी गोळीच वापरावी, कारण तिने जनावर लौकर मरते. माणसासाठी जे क्रूर ठरले तेच जनावरासाठी दया ठरावे, यावर ज्याचा त्याने विचार करावा.

या फुलण्यामुळेच वजनाची निवड जनावरावर अवलंबून राहते. हलकी, वेगवान, मऊ टोकाची गोळी जवळच्या पल्ल्यावर मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर आदळली तर तेथेच चुरा होते. फुप्फुसापर्यंत पोचत नाही. जड गोळी सावकाश फुलते आणि चालत राहते. उलट, वीस-पंचवीस किलोच्या भेकराएवढ्या प्राण्यातून जड गोळी फुलण्यापूर्वीच पलीकडे निघून जाईल. आपले सांबर आणि चितळ एकोणिसाव्या शतकात जहाजातून ऑस्ट्रेलियाला नेले गेले. तेथे त्यांची शिकार कायदेशीर आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या २०१२ च्या नियमांत सांबरासाठी गोळी किमान १३० ग्रेनची, म्हणजे एकोणसत्तर गुंजांची, तर चितळासाठी किमान ८० ग्रेनची, त्रेचाळीस गुंजांहून किंचित कमी, अशी अट होती. अडीचशे किलोंपर्यंत भरणारा सांबराचा नर आणि ऐंशी किलोंचा चितळ यांतला फरक नियमकर्त्याने गुंजांत मांडला तो असा. जड गोळी झुडपातून सरळ जाते असा जो समज आहे, तो मात्र सोडून द्यावा. करवंदीच्या जाळीत डहाळीला लागली की कोणतीही गोळी वाट सोडते, आणि त्या वाटेवर गुराखी असू शकतो.

नळीचेही गोळीशी जमावे लागते. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात. ते गोळीला फिरवितात. भोवरा फिरत असेतो उभा राहतो, तसे हे आहे. लांब गोळीला अधिक फिरकी लागते. वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी सोपा हिशेब दिला: गोळीच्या जाडीचा इंचांत वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, लांबीने भागा, जितके इंच येतील तितक्या अंतरात आट्याचा एक फेरा हवा. पाऊण सेंटिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे ०.३०८ इंच जाडीची आणि १.४ इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर दहा इंच येते. आणि थर्टी-नॉट-सिक्सचे आटे दहा इंचांचेच आहेत. ते तसे का, हे तिच्या इतिहासात आहे. तिची थोरली बहीण १९०३ ची, बोथट तोंडाच्या २२० ग्रेनी गोळीची. १९०६ साली टोकदार १५० ग्रेनची गोळी आली, आटे तेच राहिले. जर्मनांनी १९०५ मध्ये, इंग्रजांनी १९१० मध्ये असाच पालट केला. थ्री-नॉट-थ्रीची गोळी २१५ वरून १७४ ग्रेनवर आली.

आपल्या परवानाधारकाची तीनशे पंधरा मात्र २४४ ग्रेनवर, म्हणजे एक तोळा चौतीस गुंजांवरच राहिली. ही रायफल का जन्मली तेही ऐकण्यासारखे आहे. लष्कराच्या मापाचे काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्री प्रजेला नाकारली आणि वेगळ्या मापाची दिली. स्वातंत्र्य आले, पण लष्करी मापाची बंदी कायम आहे. त्यामुळे वजनाची चर्चा आपल्याकडे बहुतांशी पुस्तकी. दुकानात मिळेल ते काडतूस घ्यावयाचे.

ते काडतूस हलके की भारी यापेक्षा एक काडतूस दुसऱ्यासारखे आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे. घरी भरणारा पन्नास काडतुसांवर संध्याकाळ घालवितो आणि आपल्या काटेकोरपणाची फुशारकी मारतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. तेथल्या कामगाराला तोच काटेकोरपणा पाळी संपेपर्यंत टिकवावा लागतो, आणि शेजारी दारू असते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. कामगारांनी विरोध केला तेव्हा संपबंदीचा कायदा पुढे आला. हाताखाली दारू असलेल्या माणसाला काम थांबविण्याचा हक्क असावा, असे माझे मत आहे आणि ते मी येथेही सांगतो.

अलीकडे वजनाच्या प्रश्नाला नवे वळण लागले आहे, ते शिशामुळे. फुलताना शिशाचे कण मांसात विखुरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खाणाऱ्याच्या रक्तात जातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली; युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद केले. पर्याय तांब्याचा. पण तांबे शिशाहून हलके, एका घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅमऐवजी नऊच्या आत. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते, आणि लांब गोळीला जुन्या नळीचे आटे पुरे पडत नाहीत. म्हणून तांबे घेणाऱ्याने एक पायरी हलकी गोळी घ्यावी. तांबे तुटत नसल्याने तिचे वजन आत गेल्यावरही टिकते. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणासाठी १९८५ च्या आदेशाने किमान १०० ग्रेन ठरले होते, ते याच कारणाने २०२३ मध्ये ८० वर आणले.

शिसे आपल्या ओळखीचे आहे. सिंधुदुर्गाच्या पायात ते ओतले म्हणून आपण सांगतो. पागाच्या कडेला ते आजही असते. ते ३२७ अंशांवर, म्हणजे घरच्या चुलीवर वितळते. म्हणूनच जाळ्याची वजने आणि ठासणीच्या गोळ्या कैक घरांत अजून स्वयंपाकघरातच ओततात, तेथेच मुले जेवतात. हे काम मागच्या पडवीतही नको. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, मुलांना लांब ठेवून करावे, त्या भांड्यात पुन्हा काही शिजवू नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय विडी-तंबाखू तोंडात घालू नये. तांब्याच्या बाबतीत ही भीती नाही; ते १०८५ अंशांवर वितळते, चुलीला दाद देत नाही, त्याची गोळी लेथवरच कातावी लागते.