‘तूरचा भाव’ नव्हे, ‘तुरीचा भाव’

चारठाण्याच्या शेतकऱ्याने फोनवर विचारलं, ‘जिंतूरला सोयाबीन काय भावाने गेलं?’ आणि पलीकडून यंत्राने मराठीत उत्तर दिलं, की अनेकांना वाटतं, ही वाक्यं कुणीतरी आधीच बोलून साठवलेली आहेत. तसं नसतं. सुटे शब्द ध्वनिमुद्रित असू शकतात, पण प्रत्येक पीक, प्रत्येक बाजार समिती आणि रोज बदलणारा दर यांची सगळी वाक्यं कोण बोलून ठेवणार? यंत्राजवळ असतात फक्त नोंदी. समजा, पीक सोयाबीन, बाजार जिंतूर, दर सर्वसाधारण, रुपये 4250, एकक क्विंटल. यातून वाक्य घडवावं लागतं. शेतमालाचे भाव बोलून विचारता यावेत म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी 2010 च्या दशकात मराठीवर काम केलं, ते याच प्रकारच्या संवादाचं.

‘मग रिकाम्या जागा भरल्या की झालं!’ म्हणणाऱ्याने त्या मराठीत भरून पाहाव्यात. ‘अमुकचा भाव’ हा साचा सोयाबीनला चालतो, तुरीला नाही. ‘तुरीचा’, ‘हरभऱ्याचा’, ‘कापसाचा’ अशी सामान्यरूपं यंत्राला शिकवावी लागतात, नाहीतर ते गावाच्या नावालाही ‘चारठाण्यात’ऐवजी ‘चारठाणात’ म्हणून मोकळं होतं. पुन्हा पिकाच्या लिंगाप्रमाणे क्रियापदही बदलतं: कापूस गेला, तूर गेली, सोयाबीन गेलं. आणि 4250 ला आडतीवर ‘साडेबेचाळीसशे’ म्हणतात, हे तर वेगळंच प्रकरण.

नव्या एआयने हे सगळं सोडवलं, हा सर्वांत महागात पडणारा समज. एडिंबरोच्या हेरिअट-वॉट विद्यापीठाने 2017 मध्ये अशीच स्पर्धा घेतली: रेस्टॉरंटांच्या नोंदी द्यायच्या, वाक्यं यंत्राने रचायची. सरावाला 50 हजारांहून अधिक नमुने होते. न्यूरल, म्हणजे नमुन्यांवरून स्वतः शिकणाऱ्या, यंत्रणांची भाषा सहज निघाली, पण अर्थावर खास लगाम नसेल तर त्या एखादी नोंद गाळत. एकूण दर्जात हाताने साचे-नियम बांधलेल्या काही यंत्रणा त्यांतल्या काहींच्या पुढे गेल्या. अडखळणाऱ्या वाक्यातली चूक कानाला लगेच कळते, गुळगुळीत वाक्यातली कळत नाही. ‘कमाल’ हा एक शब्द गळाला, की एखाद्याच ढिगाला मिळालेला दर सगळ्या बाजाराचा दर ठरतो आणि शेतकरी टेम्पो भरून निघतो.

भावासारख्या नेमक्या माहितीसाठी व्याकरणाचे नियम जोडलेला जुना साचाच मला अधिक भरवशाचा वाटतो. पण साचा असो वा एआय, यंत्राने कितीही गोड मराठीत भाव सांगितला तरी माल हलवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: तारीख कोणती, आणि दर कमाल की सर्वसाधारण.