धावत्या गाडीचे छायाचित्र

जपानात फुजी पर्वताच्या पायथ्याशी ओयामा गावी ‘फुजी स्पीडवे’ नावाचे मोटारशर्यतींचे मैदान आहे. तेथील एक फेरी ४.५६३ किलोमीटरांची असून तीत सुमारे दीड किलोमीटरचा सरळ रस्ता लागतो. निस्सान कंपनीच्या ‘निस्मो’ या शर्यतविभागाचा उत्सव येथे भरतो. त्या दिवशी नव्या गाड्यांबरोबर शर्यतींतून निवृत्त झालेल्या जुन्या गाड्याही पुन्हा धावतात. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग गाड्यांच्या स्पर्धेतील सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकणारी ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही अशीच एक मानकरी. ती पाहावयास हौशी मंडळी कॅमेरे घेऊन जमतात आणि मागाहून आपापली छायाचित्रे एकमेकांस दाखवितात.

ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली की एक गंमत ध्यानात येते. काहींत चाकांचे आरेसुद्धा मोजता येतात. पण गाडी जणू दारात उभी करून ठेवली आहे! काहींत गाडी स्पष्ट, चाके गरगरलेली, आणि मागचे कठडे व प्रेक्षक आडव्या रेघांसारखे ओढले गेलेले. असे का व्हावे?

थोडे गणित करू. ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास ५० मीटर जाते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा हजारावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात ती अवघी ५ सेंटीमीटर सरकते. पन्नासावा भाग राहिला, तर चांगली एक मीटर. अशा वेळी कॅमेरा स्थिर धरल्यास गाडीचा नुसता फराटा उमटेल. म्हणून जाणता छायाचित्रकार पाय रोवून उभा राहतो, गाडी दूर असतानाच तिच्यावर नेम धरतो व कमरेतून वळत कॅमेरा तिच्याबरोबर फिरवितो. कळ दाबल्यावरही तो थांबत नाही. त्यामुळे चित्रात गाडी जागच्या जागी राहते आणि स्थिर जग पळते. आगगाडीत समोरचा प्रवासी स्पष्ट दिसतो व बाहेरची झाडे धावतात, तसेच हे. चाके मात्र स्वतःभोवतीही फिरत असल्याने पुसट होतात.

पहिल्या प्रकारची चित्रे टाकाऊ समजू नयेत. गाडीवरील अक्षरे, रंग, जोडकाम त्यांतच नीट दिसते. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यास तीच उपयोगी. वेग पाहावा तो दुसऱ्या प्रकारात. ती साधण्यास बरीच चित्रे वाया घालवावी लागतात. सरावाला शर्यतीची गाडी हवीच असे नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदास ५ मीटर जाते. पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा ठेवला, तर ती सुमारे १७ सेंटीमीटर सरकेल. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर सायकलींस तोटा नसतो.