परिमाणात्मक वित्तव्यवहारातील निवडमुलाखती

परिमाणात्मक वित्तव्यवहारातील निवडमुलाखती : रोखे, वायदे व विकल्प करार यांचे भाव गणिती पद्धतीने ठरवून खरेदी-विक्री करणाऱ्या पेढ्या उमेदवार निवडताना तोंडी आकडेमोड व संभाव्यता यांची जी परीक्षा घेतात, ती.

शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज हा विकल्प करारांचा बाजार २६ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाला. फिशर ब्लॅक व मायरन शोल्झ यांचे अशा करारांचे मूल्य काढण्याचे सूत्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्या काळी सौदे ओरडून व हातवाऱ्यांनी होत. कागद-पेन्सिल हाती घेण्यास उसंत नसे. पुढे सौदे संगणकावर गेले, परीक्षा मात्र टिकून राहिली.

आकडेमोड : ८ मिनिटांत ८० प्रश्न हा लेखी चाचणीचा एक परिचित नमुना होय. येथे कष्टापेक्षा रीत उपयोगी पडते. उदा., ४८ × ५२ हा गुणाकार ५० चा वर्ग वजा २ चा वर्ग, म्हणजे २,४९६, असा क्षणात मिळतो. महाराष्ट्रातील जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करवून घेत. ३६ ची सव्वापट ४५ हे न थांबता सांगण्याची जी सवय त्यामुळे लागे, तीच येथे हवी असते. ती रोजच्या थोड्या सरावाने येते. ऐनवेळच्या घोकंपट्टीने येत नाही.

संभाव्यता : बहुतेक प्रश्नांचे मूळ अपेक्षित मूल्यात असते [⟶ संभाव्यता सिद्धांत]. फासा टाकून जितके ठिपके पडतील तितके रुपये मिळत असल्यास त्या खेळाचे अपेक्षित मूल्य ३·५ रु. होय. पहिले दान नापसंत झाल्यास एकदा पुन्हा टाकण्याची मुभा दिली, तर ४, ५ वा ६ पडल्यास थांबावे व एरव्ही पुन्हा टाकावे. मग मूल्य ४·२५ रु. होते. वाढलेले ७५ पैसे ही त्या मुभेची किंमत. विकल्प कराराचे सार एवढ्यात आले असल्याने हा प्रश्न परीक्षकांना प्रिय आहे.

नव्या माहितीने अंदाज किती बदलावा, हेही विचारतात. १,००० नाण्यांपैकी एकाच्या दोन्ही बाजूंस छापा असून बाकीची खरी आहेत. त्यांतून एक यदृच्छया उचलून १० वेळा उडविले व दर वेळी छापाच पडला, तर ते दुतोंडी असण्याची संभाव्यता १,०२४ ÷ (१,०२४ + ९९९), म्हणजे सु. ०·५०६ येते. घाईने ‘जवळजवळ निश्चित’ असे उत्तर देणारा येथे फसतो.

भाव देण्याचा खेळ : ही कसोटी सर्वांत अवघड होय. तीन फाशांच्या बेरजेवर उमेदवाराने खरेदीचा व विक्रीचा भाव सांगावयाचा असतो. सरासरी १०·५ असल्याने तो १० व ११ सांगतो. परीक्षक ११ ला घेतो, पुन्हा घेतो, आणखी घेतो. गणित बरोबर म्हणून भावाला चिकटून राहणारा उमेदवार एक गोष्ट विसरतो : समोरच्याला काही अधिक माहीत असू शकते. परीक्षकाने एका फाशावर ६ पाहिले असतील, तर बेरजेची अपेक्षा १३ होते आणि ११ च्या प्रत्येक विक्रीत सरासरी २ चा तोटा येतो. भाव वर सरकविणे हेच येथे योग्य उत्तर. बाजारात पेढ्या बुडतात त्या बहुधा गुणाकार चुकल्याने नव्हे, तर ही खूण न ओळखल्याने. म्हणून आकडेमोडीतील वेगापेक्षा या खेळाला अधिक महत्त्व द्यावयास हवे.

सरावासाठी फ्रेडरिक मॉस्टेलर यांचा ५० कूटप्रश्नांचा १९६५ मधील छोटा संग्रह अद्याप वापरला जातो. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न आल्यास ते पाठ म्हणून दाखविण्यात लाभ नसतो, कारण परीक्षक लगेच एखादी अट बदलतो. फाशाच्याच खेळात तिसरे दान देऊ केले, तर पहिल्या दानात ४ वर थांबणे चुकीचे ठरते व मूल्य सु. ४·६७ रु. होते.