मेंदू बदलण्यापूर्वी

जुना घरगुती संगणक बंद पडला की पहिला संशय प्रोसेसरवर घ्यावयाचा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. आणि पाठ्यपुस्तकांनी ज्याला ‘संगणकाचा मेंदू’ अशी सनद देऊन ठेवली आहे, त्याच्याच माथी सर्व व्याधींचे खापर फुटावे, यात नवलही नाही. वस्तुतः चाळीस वर्षांपूर्वीच्या या यंत्रांत प्रोसेसर हा चिवट घटकांपैकी एक असून, तो निकामी झालाच तर बदली मिळण्यास सर्वांत सोपाही तोच आहे.

उदाहरणादाखल, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकात परवान्याने तयार केलेला ‘स्पेक्ट्रम प्लस’ घेऊ. त्याचा पूर्वज, सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम, ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, परंतु यंत्राचे वय किती झाले याची कल्पना आमच्या वाचकांस त्यावरून चटकन यावी. असे यंत्र चंद्रपूर, बल्लारपूर किंवा वडसा येथील एखाद्या माळ्यावरून आज खाली उतरविले, तर त्याने ४७ अंशांपलीकडचे उन्हाळे, कोळशाची बारीक भुकटी आणि चार-चार महिन्यांची पावसाळी ओल सोसलेली असणार. उन्हाने कळफलकाखालील प्लॅस्टिकची पट्टी ठिसूळ होऊन मोडते, ओलीने आयसीच्या पायांवर गंज चढतो. आणि या दोन्ही दुखण्यांत प्रोसेसर निर्दोष असतो.

स्पेक्ट्रममधील प्रोसेसर म्हणजे झायलॉग कंपनीचा झेड-८०. फेडेरिको फॅजिन आणि त्यांचे सहकारी मासातोशी शिमा यांनी घडविलेली ही चिप १९७६ साली बाजारात आली. हिला चाळीस पाय. त्यांपैकी सोळा पायांवरून स्मृतीतील पत्ता उच्चारला जातो, आठ पायांवरून त्या पत्त्यावरील मजकूर ये-जा करतो, आणि दप्तरखान्यातील कारकुनाने अनुक्रमाने एकेक रुमाल सोडून त्यातील हुकूम तामील करावा, तद्वत ही चिप शून्य क्रमांकाच्या पत्त्यापासून आज्ञा वाचीत पुढे जाते. स्पेक्ट्रममध्ये हे काम सेकंदाला पस्तीस लक्ष ठोक्यांच्या गतीने चालते. ते ठोके मात्र तिचे स्वतःचे नव्हेत. ते शेजारची यूएलए नावाची चिप पुरविते, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र उमटविण्याचे कामही तिचेच.

निदानाची किल्ली येथेच आहे. प्रोसेसर मृतवत असला तरी यूएलए स्मृतीतील अर्थहीन मजकूर पडद्यावर पाठवीतच राहते, म्हणून उभ्या पट्ट्यांचा आणि चौकटींचा स्थिर गोंधळ दिसतो. यंत्र निरोगी असेल तर चालू करताच क्षणभर काळ्या पडद्यावर बारीक तांबड्या रेघा चमकतात (प्रोसेसर सर्व स्मृती तपासून पाहत असल्याची ती खूण), आणि मग फिकट पडद्याच्या तळाशी १९८२ सालची स्वामित्वहक्काची ओळ येते. गोंधळ दिसला म्हणून प्रोसेसरच गेला, असे मात्र ठरवू नये. या यंत्रातील खालच्या सोळा किलोबाइट स्मृतीच्या आठ आयसींना तीन निरनिराळे विद्युतदाब लागतात, त्यांपैकी दोन निर्माण करणारा छोटा ट्रान्झिस्टर वारंवार जळतो, आणि उणे पाच व्होल्ट नाहीसे झाले की त्या स्मृतीच्या आयसीही उडतात. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत हा रोग नित्याचा.

तेव्हा आधी खातरजमा. झेड-८०च्या अकराव्या आणि एकोणतिसाव्या पायांदरम्यान पाच व्होल्ट आहेत काय, हे साध्या मल्टिमीटरने कळते. सहाव्या पायावर ठोके येतात काय, हे पाहण्यास मात्र ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक प्रोब हवा. आणि सव्विसावा पाय, म्हणजे रीसेट, आरंभी क्षणभर खाली राहून मग वर गेला पाहिजे. या तिन्ही गोष्टी यथास्थित असून सत्ताविसावा पाय निश्चल राहिला, म्हणजे चिप एकही आज्ञा वाचीत नाही असे ठरले, तरच तिच्यावरील संशय बळावतो. त्यास पूर्वेतिहासाचीही पुष्टी मिळते: यंत्राच्या पाठीमागील उघड्या पट्टीवर झेड-८०च्या वाहिन्या कोणत्याही मध्यस्थाविना आणलेल्या आहेत, आणि चालू यंत्रात जॉयस्टिकचे उपकरण तिरके खुपसल्याने प्रोसेसर जळण्याचे प्रकार या यंत्राच्या बाबतीत सर्वश्रुत आहेत.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. झेड-८० बहुधा थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि ती अखंड उपसून काढण्याच्या हट्टापायी बोर्डावरील तांब्याची नाजूक वाट उखडली, तर नुकसान कायमचे होते. म्हणून चिपचा मोह सोडावा, हे माझे स्पष्ट मत. बारीक कटरने चाळीसही पाय चिपच्या अंगालगत तोडावेत, धड उचलून बाजूला ठेवावे, आणि मग एकेक पाय चिमट्यात धरून सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने सोडवून घ्यावा. छिद्रांतील उरलेले सोल्डर पंपाने शोषून घ्यावे. त्या जागी चाळीस पायांचे सॉकेट बसवावे, म्हणजे पुन्हा हा प्रसंग आलाच तर आयर्न तापवावे लागणार नाही. चिपच्या एका टोकाची खाच मूळच्याच दिशेस राहील, याची दक्षता घ्यावी. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात अंगावर साठणारी स्थिर वीज अशा चिपांस घातक, तेव्हा नवी चिप हाती धरण्यापूर्वी भूमीशी जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. शक्य तर हे काम पावसाळ्यावरच ढकलावे.

बदली चिप कोठून आणावयाची? तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत हमखास आढळणाऱ्या ८०८५ या चिपला चाळीसच पाय असतात खरे, पण त्या पायांची वाटणी निराळी असल्याने ती येथे चालणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करावी, अथवा टपालाने मागवावी. टपाल भामरागडकडे जायचे असेल, तर तेथील रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने तुटण्यापूर्वी मागविली तर बरे. झायलॉगने २०२४ साली मूळ घाटाच्या झेड-८०च्या शेवटच्या मागण्या स्वीकारून तिचे उत्पादन थांबविले, तथापि अठ्ठेचाळीस वर्षांत निघालेला माल इतका अफाट आहे की तुटवडा तूर्त जाणवू नये. फेरांती कंपनीची मूळ यूएलए मात्र केवळ या यंत्रासाठीच घडविलेली. हौशी मंडळींनी तिचे पर्याय बनविले आहेत, पण अस्सल नग जुन्या यंत्रांतूनच काढावा लागतो, म्हणून काम करताना तिला जपावे.

खरेदी करताना नावापुढील अक्षर पाहावे. साधी झेड-८० अडीच मेगाहर्ट्‌झची, झेड-८०ए चार मेगाहर्ट्‌झची. स्पेक्ट्रमला दुसरीच हवी, किंवा तिच्याहून वेगवान. जुन्या चिपा घासून त्यांवर नवी नावे छापणारे व्यापारी पुष्कळ आहेत. एनमॉस आणि सीमॉस ही चिप घडविण्याची दोन तंत्रे; सीमॉस बनावटीची झेड-८०ही येथे बहुधा बिनतक्रार चालते, पण एनमॉस म्हणून सीमॉस दिली गेली असल्यास ती ओळखण्याचा एक उपाय आहे: अधिकृत यादीत नसलेली एक आज्ञा दिली असता एनमॉस बनावटीची चिप शून्य बाहेर पाठविते आणि सीमॉस बनावटीची २५५.