कान सरावत नाही, झिजतो

भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे आपले बांधव म्हणतात, "आता खडखडाट जाणवत नाही, कान सरावला." आम्हाला सांगायचे आहे, की कान सरावत नाही, झिजतो.

आवाज म्हणजे हवेतील कंप. कानाचा पडदा व तीन चिमुकल्या हाडांतून तो आतल्या शंखासारख्या नळीत पोहोचतो. तिथल्या सुमारे १५ हजार केसपेशी तो मेंदूला कळवतात. मोठ्या आवाजाने या पेशी मरतात, पुन्हा येत नाहीत. बारीक स्वर टिपणाऱ्या आधी जातात. म्हणून बोलणे ऐकू येते, पण 'सात' की 'हात' कळत नाही. घरच्यांना वाटते, लक्ष देत नाही.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासच सोसावा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. मागांचा आवाज याहून बराच जास्त आणि पाळी बारा तासांची!

कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे इअरप्लग स्वच्छ हातांनी नीट बसवून पाळीभर वापरा, मालकाकडे मागा. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्यातील आजारांच्या यादीत आहे. कानात शिट्टी वाजत असेल, टीव्ही मोठा लावावा लागत असेल, तर सरकारी रुग्णालयात कान तपासून घ्या. गेलेले परत येत नाही, उरलेले वाचवता येते.