टर्मिनलमध्ये पासवर्ड उमटत नाही? कीबोर्ड ठीक आहे!

लिनक्सवर 'सुडो' लावून कमांड दिली की टर्मिनल पासवर्ड मागतं. टाइप करताना मात्र बहुतेक ठिकाणी ना अक्षर दिसतं, ना ठिपका. कर्सरही हलत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. मागून डोकावणाऱ्याला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये! बिनधास्त टाइप करा, एंटर दाबा.

🔹 'सुडो'ला सहसा तुमचाच लॉगिन पासवर्ड लागतो, 'सु' कमांडला रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याचा.
🔹 मध्येच चुकलं? कंट्रोल+यू दाबा, टाइप केलेलं सगळं पुसलं जातं.
🔹 सहसा ३ संधी मिळतात. आधी कॅप्स लॉक बघा.
🔹 पेस्ट बहुतेक टर्मिनलमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्हीने होतं.
🔹 अक्षरांच्या जागी चांदण्या (*) हव्यात? 'विसुडो' कमांडमधून 'पीडब्ल्यूफीडबॅक' ही सेटिंग सुरू करा. लिनक्स मिंटमध्ये त्या आधीपासूनच दिसतात.

नवशिक्या मित्रांना नक्की पाठवा.